गुडघ्यांची झीज टाळायची तर चालणं, जिने चढणं कमी करावं का?

तुम्ही लिहिलंय की वय 43 आहे, आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली, एका गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं आणि आता घरचे सगळे तुम्हालाही सांगतायत की जिना टाळ, चालणं कमी कर, गुडघे जपून ठेव. हे बरोबर आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

बरोबर नाही. साताऱ्यात 18 वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय. वापर थांबवल्यामुळे पाय गमावून बसलेली इतकी माणसं पाहिलीत की हा सल्ला कानावर आला की मला गप्प बसवत नाही.

सगळा घोळ 'झीज' या शब्दाने केलाय. झीज म्हटलं की डोळ्यांपुढे टायर येतो, चपलेची टाच येते. जितकं वापराल तितकं लवकर संपणार. पेशंट येतात तेच 'ग्रीस संपलंय' किंवा 'गॅप पडलाय' म्हणत. गॅप पडत नाही हो, उलट कमी होतो. एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मधे जी मोकळी जागा दिसते ती कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराची असते. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, ती पातळ झाली की हाडं जवळ आलेली दिसतात, इतकंच. आणि या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. तो द्रव आतबाहेर व्हायला तिच्यावर दाब पडावा लागतो, सुटावा लागतो, पुन्हा पडावा लागतो. पाऊल टेकलं की दाब, उचललं की मोकळीक. म्हणजे तुमचं चालणं हेच तिचं जेवण आहे. बेताने धावणाऱ्या हौशी लोकांमध्येही हा झिजेचा आजार न धावणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही.

माझ्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू आल्या होत्या. एक्स-रे बघून त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, झीज सुरू झालीय, जपा. त्यांनी मनापासून जपलं. सकाळचं अजिंक्यताऱ्याला जाणं बंद, भाजी मुलगा आणणार, पूजा खुर्चीत बसून. आठ महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. मी गुडघ्याच्या वाटीपासून 10 सेंटिमीटर वर टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. दुखरी बाजू तीन सेंटिमीटर कमी भरली. काकू पदराचं टोक हातात धरून टेपकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तर पाय जपला होता गं."

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा राखणदार. पाय जमिनीवर आपटतो तेव्हाचा हिसका आधी तो झेलतो. तो बारीक झाला की तोच हिसका थेट सांध्यात जातो, मग दुखतं, दुखतं म्हणून माणूस आणखी कमी हलतं. काकूंचं नेमकं हेच झालं होतं. त्यांच्याकडून आम्ही जे करून घेतलं ते तुम्ही आज घरी सुरू करू शकता. हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या, उठा, बसा. बसताना धपकन नाही, सावकाश. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. आधी पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच सेकंद धरायची, हाही चांगला व्यायाम आहे, पण तो सुरुवातीचा. तुमचे गुडघे आज दुखत नसतील तर तिथेच अडकू नका, खुर्चीवर या, मग जिन्याच्या पायरीवर. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरून सोडू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणं पूर्ववत झालं तर चाललंय ते ठीक आहे. वाढलेलंच राहिलं तर पुढच्या वेळी थोडं कमी करा.

वजनाचं मात्र खरं आहे. चार लोक टोचून बोलतात म्हणून आपल्याला तो विषय नकोसा होतो, मी टोचत नाही, हिशेब सांगते. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसाची पावलं मोजा म्हणजे कळेल. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या स्त्रियांचं वजन दहा वर्षांत पाचेक किलोंनी उतरलं होतं, त्यांना गुडघ्याचा हा त्रास सुरू होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झालेली दिसली. पाळी जायच्या आसपास वजन वाढतं आणि हा आजारही बायकांत तेव्हापासून वाढतो, म्हणून तुमचं हे वय फार मोलाचं आहे.

जपायचंच असेल तर एक गोष्ट जपा. तासन्‌तास उकिडवं बसणं. मांडी घालून जेवायला बसलात, खाली वाकून काही उचललंत, त्याने काही होत नाही. पण खुरपणीला किंवा धुण्याला रोज कित्येक तास उकिडवं बसणं वेगळं. बीजिंगमधल्या वृद्धांच्या अभ्यासात तरुणपणी असं बसलेल्यांमध्ये गुडघ्याचा त्रास जास्त सापडला. घरात कुणी असं काम करत असेल तर बुडाखाली पाट किंवा बुटकं स्टूल द्या आणि मधे मधे उठायला सांगा. तसंच खेळताना किंवा गाडीवरून पडून गुडघा मुरगळला, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) फाटलं, तर सूज उतरली म्हणून विसरून जाऊ नका. अशा गुडघ्यात हा आजार बराच लवकर येतो, त्याची ताकद पूर्ण परत आणा.

गुडघ्यांसाठी घेतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दल विचारणार असाल तर, 2006 साली अमेरिकेत दीड हजारांहून जास्त पेशंटवर झालेल्या चाचणीत एकूण पेशंटमध्ये त्यांचा फायदा साध्या पिठाच्या गोळीहून ठळकपणे जास्त दिसला नाही. ते पैसे चांगल्या बुटांना वापरा.

गुडघा लाल होऊन गरम लागला, ताप आला, मधेच अडकला, किंवा सकाळी बोटांसकट सांधे तासाहून जास्त वेळ आखडून राहिले तर व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं वेगळं असू शकतं, आमवातही असू शकतो.

आणि खुर्चीचा व्यायाम कराल तेव्हा आईंनाही शेजारी खुर्ची टाकून द्या, त्यांच्या सर्जनना एकदा विचारून. नवा सांधा बसला तरी मांडी जुनीच असते आणि त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याला तिची गरज आहे. आमच्या काकू पाच महिन्यांनी हात न टेकता उठल्या. आता त्या किल्ल्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत जातात.