विरजणाची तार मोजताना

आमच्या विरजणाच्या दह्याला चांगली तार सुटते. फेनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीने ही तार आणणारी जिवाणूंची बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) लिटरमागे ८०० मिलिग्रॅम आली. आकडा खरा धरावा का? (दापोली)

आधी लॅक्टोजचा संशय घ्या. या पद्धतीत कुठलीही साखर रंग देते. दुधात लिटरमागे सुमारे ४८ ग्रॅम लॅक्टोज असते आणि दही लागल्यावरही त्यातले बरेचसे उरते. त्याचा एक टक्का जरी नमुन्यात राहिला, तरी आकडा सुमारे ४०० मिलिग्रॅमने फुगतो. दह्याच्या जिवाणूंची बहुशर्करा बहुधा ५० ते ४०० मिलिग्रॅमच्याच घरात असते.

दही ९० अंशांवर १५ मिनिटे तापवा, म्हणजे बहुशर्करा तोडणारी विकरे निकामी होतात. गार झाल्यावर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल एकूण ४ टक्के होईल इतके घाला आणि सेंट्रिफ्यूज करून प्रथिने काढा. निवळीत तिप्पट थंड इथेनॉल घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवा. बसलेला साका पाण्यात विरघळवून १२–१४ किलोडाल्टनच्या (लॅक्टोजसारखे लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या, मोठे धरून ठेवणाऱ्या) पिशवीत, थंडीतच, ४८ तास डायलिसिस करा. पाणी दिवसातून तीनदा बदला. शेवटच्या पाण्यालाही फेनॉलचा रंग आला, तर काम अजून संपलेले नाही. ही तपासणी टाळू नका.

मग १ मिली नमुना, १ मिली ५ टक्के फेनॉल आणि ५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्ल नळीच्या कडेने नको, थेट द्रवावर झटकन सोडा. त्या उष्णतेवरच रंग अवलंबून असतो. हातमोजे, चष्मा आणि धूरकपाट हवेच. रंगाचे वाचन ४९० नॅनोमीटरच्या प्रकाशात, तुलना ग्लुकोजशी.

पावसाळ्यात साका वाळवून वजन केले की आकडा वाढतो. का? (मालवण)

वाळलेली बहुशर्करा किनाऱ्यावरच्या दमट हवेतून तराजूवरच पाणी ओढते. बूच असलेल्या कुपीत वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. तरीही त्या वजनात प्रथिने आणि क्षार असतातच. आम्ही वजनापेक्षा रंगाच्या आकड्यावर भिस्त ठेवू.

तार नाही म्हणजे जिवाणूंना आवरणही नाही का? (चिपळूण)

तसे नाही. पेशीला घट्ट चिकटलेले आवरण असूनही दही तार धरत नाही, असे पुष्कळदा होते. इंडिया इंक या काळ्या शाईच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ओलेच पाहा: काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती पांढरे वलय दिसते. काच वाळवली की पेशी आकसते आणि खोटे वलय दिसू शकते. सेंट्रिफ्यूजमध्ये आवरण पेशींसोबत तळाला जाते, म्हणून वरच्या रीतीत त्याचा बराच भाग मोजणीबाहेर राहतो.

दुधाऐवजी एमआरएस माध्यमात (लॅक्टिक जिवाणू वाढवण्याच्या प्रयोगशाळेतल्या द्रवात) वाढवून मोजले तर सोपे नाही का? (रत्नागिरी)

त्यातल्या यीस्ट अर्कात मॅनन (यीस्टची बहुशर्करा) असते, तेही इथेनॉलमध्ये खाली बसते. विरजण न लावलेले माध्यम सर्व पायऱ्यांतून न्या आणि त्याचा आकडा वजा करा.