लाँग आयलंडला विंटर फ्लाउंडर आता गळाला का लागत नाही?

तुम्ही विचारलंय की इथले, म्हणजे न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड बेटावरचे म्हातारे लोक मार्चमध्ये बादल्या भरून विंटर फ्लाउंडर मिळायचे म्हणतात, मग आता कुणीच का धरत नाही. मी इथेच राहतो आणि गळ टाकतो, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे. ते खरंच सांगतायत. 17 मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला सीझन सुरू व्हायचा, बेटाच्या पश्चिमेच्या शीप्सहेड बे पासून पूर्वेच्या शिनेकॉक खाडीपर्यंत बोटी भरून जायच्या, आपल्या लेपासारखा चपटा मासा, चिखलात बसलेला, शिंपल्यांचा चुरा खाली सोडला की गोळा व्हायचा आणि पोती भरून घरी नेताना कुणाला काही वाटायचं नाही.

बाहेर समुद्रात जाळी ओढणाऱ्या ट्रॉलर बोटींनी उपसला, आत खाडीत आपण गळवाल्यांनी, दोघांचाही दोष आहे. पण मूळ गोची वेगळीच. हा मासा थंडीत खाडीत येऊन अंडी घालतो, अंडी तरंगत नाहीत, तळाला चिकटतात, म्हणजे ज्या त्या खाडीचा मासा बराचसा त्याच खाडीचा, एक खाडी रिकामी झाली की शेजारून भरून येत नाही. शिनेकॉकमध्ये तर काही मासे वर्षभर बाहेरच जात नाहीत असं दिसलंय, आणि स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीच्या लोकांना इथल्या खाड्यांत नात्यातल्या नात्यात प्रजनन होत असल्याचं आढळलं, इतके कमी उरलेत! त्यात हिवाळे उबदार झाले. पूर्वी पाणी गार असायचं तेव्हा तळाची छोटी कोळंबी सुस्त असायची, आता ती लवकर जागी होते आणि नुकती निघालेली पिल्लं खाऊन टाकते. शिवाय सेप्टिक टँकचा नायट्रोजन खाडीत उतरतो, तळाचं समुद्रगवत गेलं, पिल्लांनी लपायचं कुठे?

बोस्टन हार्बरमध्ये 1980 च्या दशकात याच माशाच्या लिव्हरमध्ये गाठी सापडायच्या, सांडपाण्याची नीट व्यवस्था केल्यावर त्या गेल्या, म्हणजे मनावर घेतलं तर फरक पडतो.

न्यूयॉर्कमध्ये आता 1 एप्रिल ते 30 मे, माणशी 2 मासे, किमान 12 इंच एवढीच परवानगी आहे. माझ्या मते तीसुद्धा नको, निदान खाडीत तरी पूर्ण बंदी हवी.

तुम्हाला चपटा मासाच धरायचा असेल तर उन्हाळ्यात फ्लूक, म्हणजे समर फ्लाउंडर धरायला जा. फ्लूकचे डोळे डाव्या अंगाला, तोंड मोठं, दात टोकदार. डोळे उजवीकडे आणि तोंड इवलंसं दिसलं तर तो विंटर फ्लाउंडर, हात ओले करून गळ काढा आणि लगेच पाण्यात सोडा.