खलाशी कुठे झोपणार, ते आधी विचारा

ताई, तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. धुळ्याची तीन घरं, दहा माणसं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चौघं जैन, पोहता येतं ते फक्त दोघांना. डिसेंबरात थायलंडमधल्या फुकेतला कप्तान आणि स्वयंपाक्यासकट कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट, भाड्याने घ्यायची आहे. एक ४५ फुटी, स्वस्त; दुसरी ६० फुटी, बरीच महाग. दोन्हींच्या माहितीत ‘पाहुणे १०’ लिहिलंय, मग जास्त पैसे कशाला, हा तुमच्या यजमानांचा सवाल.

तोच सवाल करून आम्ही भुसावळचे नऊ जण स्वस्त बोटीवर चढलो होतो. ४५ फुटी बोटीत बहुतेक चार खोल्या असतात, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. म्हणजे माणसं आठ. उरलेल्यांसाठी मधल्या बैठकीतलं जेवणाचं टेबल खाली करून वर गादी टाकतात. आणि बोटीवरची माणसं? त्यांच्यासाठी पुढच्या टोकाला, वरचं झाकण उघडून उतरायचं असं एकेक अरुंद बिळ असतं. आमच्या बोटीवर त्या बिळांत दोर आणि जाकिटं कोंबलेली. त्यामुळे भाचा आणि कप्तान बाहेरच्या बाकांवर, स्वयंपाकीण बैठकीत. रात्री दहानंतर फ्रिजपर्यंत जायची चोरी. माझे वडील पहाटे पाचला उठणारे. चहा ठेवायचा तर त्या बाईला उठवावं लागेल म्हणून अंधारात गप बसून राहायचे. चौथ्या दिवशी ती थकलेली, आम्ही ओशाळलेले. तिची काय चूक?

म्हणून दोन्ही बोटवाल्यांना एकच विचारा: खोल्या किती, संडास किती, आणि खलाशांची स्वतःची जागा कुठली? फोटो त्याच बोटीचे मागा, जाहिरातीत नव्या कोऱ्या मॉडेलचे असतात. आणखी एखादं घर जोडायचा विचार असेल तर सोडा. बाराच्या वर प्रवासी झाले की आंतरराष्ट्रीय नियमांत ते प्रवासी जहाज ठरतं, म्हणून अशा बहुतेक बोटी बारावर थांबतात.

कॅटमरान निवडलीत ते उत्तम. (शब्द आपल्याच देशातला, तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं.) एका सांगाड्याची शिडाची बोट वाऱ्यात एका अंगावर कलते, ही सपाट चालते. बैठक आणि मागचा ओटा एका पातळीत, सासूबाईंना दिवसभर पायरी नाही. पण झोपायची खोली खाली, चार-पाच उभ्या पायऱ्या उतरून. आणि खरी परीक्षा बोटीवर नाही, डिंगीत आहे. किनाऱ्यावर जायचं तर त्या हवेच्या छोट्या बोटीत उतरायचं, मग गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा. काही मोठ्या बोटींना मागे पाण्यापर्यंत खाली जाणारा फलाट असतो. ६० फुटीला तो असेल, तर जादा पैशातला निम्मा तिथेच वसूल समजा.

जेवणाचं नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगून भागत नाही. थाई स्वयंपाकात माशाचं पाणी आणि कोळंबीची चटणी मिठासारखी पडते. तिथे ‘जे’ म्हणा. हा त्यांचा व्रताचा आहार, त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. फुकेतला दरवर्षी नऊ दिवस त्याचा मोठा उत्सव असतो, त्यामुळे स्वयंपाक्याला लगेच उमगतं. बटाटा-गाजर मात्र त्यात चालतं, तेवढं जैनांसाठी वेगळं लिहून द्या. पैसे भरायच्या आधी कप्तान आणि स्वयंपाकी दोघांशी व्हिडिओ कॉल कराच. दोघं एकत्र किती हंगाम आहेत, तेही विचारा. बोलायला टाळाटाळ झाली तर पुढच्या बोटीकडे वळा. आमच्या दुसऱ्या खेपेच्या स्वयंपाक्याने मागच्या कठड्यावरच्या शेगडीवर वांगी भाजू दिली. आपल्या खानदेशातल्या बामणोदच्या वांग्याची आणि कपाशीच्या काड्यांची चव कुठून येणार, पण कळण्याच्या पिठाची भाकरी थापली नि कप्तानही ताट घेऊन बसला.

पैशांचं थोडक्यात. दर ‘सगळं धरून’ आहे की ‘खर्च वेगळा’, ते लेखी घ्या. खर्च वेगळा असेल तर डिझेल, जेवण, बंदर आणि राष्ट्रीय उद्यानाची फी यांसाठी साधारण भाड्याच्या २५ ते ३० टक्के आगाऊ मागतात; उरलं तर परत मिळतं. बक्षिसी त्याच्याही वर.

पाण्याचं यंत्र, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं, चालू आहे ना ते विचारा. तरीही शॉवर दोन मिनिटं. बोटीच्या संडासात भलतंसलतं टाकलं की तुंबतो आणि दुरुस्ती कप्तानाच्या हाती येते. पोरांना पहिल्याच दिवशी बजावा.

डिसेंबर बरोबर निवडलात, पावसाळा संपलेला असतो. फुकेतजवळचा फांग नगाचा उपसागर आडोशाचा आहे, पहिले दोन दिवस तिथेच काढा. सपाट बोटीवरही उलट्या होतात, आणि रात्री लाट बोटीच्या पोटाखाली धपकन आपटली की नवखा दचकतो. गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यायची, मळमळल्यावर नाही. पोरांच्या मापाची जाकिटं वजन लिहून आधी मागवा.

दोन्ही बोटवाल्यांची उत्तरं आली की खोल्यांचा आराखडा मला पाठवा, कोण कुठे झोपेल ते बसून लावू.