वारा एवढा जोरात, तरी मिक्स्ड लेयर १५ मीटरच का?

देवगडच्या दादांनी विचारलंय की सप्टेंबरात चारपाच दिवस वारा जोरात होता, तरी इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) फोरकास्टमध्ये आपल्याकडे मिक्स्ड लेयर, म्हणजे ढवळून एकसारखा झालेला वरच्या पाण्याचा थर, १५ मीटरच, मग मॉडेल चुकतंय का. दादा, मला तरी आकडा पटण्यासारखा वाटतो.

वारा पाणी ढवळतो हे खरंच, पण आपल्या किनाऱ्यावर तोच वारा दुसरंही काम करतो. पावसाळ्यातला पश्चिम-वायव्येचा वारा किनाऱ्याला तिरका लागतो, तो वरचं पाणी बाहेर खोल दर्याकडे ढकलतो आणि त्या जागी खालचं गार पाणी वर येतं, म्हणजे वरून ढवळणं चालू आणि खालून थर उचलला जातोय. केरळात हे जास्त, आपल्याकडे कमी, पण असतं. भर अरबी समुद्रात हे उचलणं नाही म्हणून तिथे त्याच मोसमी वाऱ्याने थर ८०-१०० मीटरपर्यंत उतरतो.

त्यात वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली सगळ्यांचं गोडं पाणी वर पसरलेलं. ते हलकं, खाऱ्यात मिसळायला वाऱ्याची बरीच ताकद जाते. म्हणून फोरकास्टमधला थराचा नकाशा कशावरून काढलाय ते आधी बघा. १० मीटर खोलीवरच्या पाण्यापेक्षा ०.२ अंश गार कुठे होतं एवढंच बघितलं तर खारटपणा हिशोबात येत नाही आणि थर आहे त्याहून जाड दिसू शकतो, घनतेवरून काढलेला आकडा या दिवसांत जास्त भरवशाचा.

आणि नुसता इथला वारा बघून अंदाज बांधू नका, हे मी कळकळीने सांगतो. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा, डोळ्याला न दिसणाऱ्या, श्रीलंकेला वळसा घालून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येतात आणि इथे वारा पडलेला असतानाही थर वरखाली करतात.

फोरकास्टचा कच्चा दुवा एकच, आर्गो फ्लोट म्हणजे २००० मीटरपर्यंत बुडी मारून पाणी मोजणारी यंत्रं, उथळ पाण्यात ती जवळपास नसतातच आणि सॅटेलाईटला फक्त वरचं पाणी दिसतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाळं लावू नका, आठवडाभर थर वर येतोय की उतरतोय ते बघा. जाळ्याच्या वरच्या आणि खालच्या दोरीला एकेक टेंपरेचर लॉगर (तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) बांधा, दोन्हीत दोनतीन अंशांचा फरक आला तर खालची दोरी गार पाण्यात आहे, त्या पाण्यात ऑक्सिजनही कमी असतो, बांगडा तिथे थांबत नाही, जाळं वर घ्या.