अर्जावरचं नाव झाका

प्रश्न : माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. मुलींचे अर्जच येत नाहीत, तर घेऊ कुणाला?

उत्तर : आधी तुमची जाहिरात पुन्हा वाचा. ‘रात्री-अपरात्री कामाची तयारी हवी’ हे खरंच लागतं, की सवयीनं लिहिलंय? मी मुलाखती घ्यायचे तेव्हा छापील यादीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न होता, फक्त मुलींसाठी. दोन वर्षं मीही तो निमूट विचारला. मग एकदा पेनानं खोडला.

आणि आलेले अर्ज नाव झाकून वाचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२७ विज्ञान-प्राध्यापकांना एकच अर्ज दाखवला होता. काहींना ‘जॉन’च्या नावानं, काहींना ‘जेनिफर’च्या. जेनिफर कमी लायक ठरली, पगारही कमी सुचवला गेला. ठरवणाऱ्यांत बायकाही होत्या, बरं का! पगाराचा आकडा जाहिरातीतच छापून टाका.