‘डाउनफील्ड’मधलं ‘डाउन’ कशाचं?

प्रश्न असा आहे : प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात तपासण्याच्या पद्धतीत) बेंझीनचा सिग्नल डेल्टा मापनीवर ७.३६ पीपीएमला (दशलक्षांशाला) येतो. आकडा मोठा, तरी पुस्तकं त्याला ‘डाउनफील्ड’ म्हणतात. हे ‘डाउन’ कुठून आलं आणि मराठीत काय लिहावं?

ते ‘डाउन’ आकड्याचं नाही, चुंबकीय क्षेत्राचं आहे. जुन्या ६० मेगाहर्ट्‌झच्या उपकरणांत रेडिओ लहरींची वारंवारता कायम ठेवून क्षेत्र १.४१ टेस्लाच्या आसपास हळूहळू वाढवत नेत आणि पेन कागदावर डावीकडून उजवीकडे सरके. ज्या प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन दाट, त्याच्यापर्यंत बाहेरचं क्षेत्र किंचित कमी पोचतं, म्हणून अनुनादासाठी (लहरी शोषून सिग्नल देण्यासाठी) त्याला जास्त क्षेत्र द्यावं लागतं. टीएमएसचे (टेट्रामिथाइलसिलेन, डेल्टा मापनीचा शून्य ठरवणारा संदर्भ पदार्थ) प्रोटॉन असे, म्हणून ते उजव्या टोकाला. बेंझीनच्या प्रोटॉनांचं त्याआधीच, कमी क्षेत्रात भागे. म्हणून डाउनफील्ड.

त्या काळी टाऊ मापनीही चाले : टाऊ म्हणजे १० वजा डेल्टा. तिच्यात टीएमएस १० वर आणि बेंझीन २.६४ वर, म्हणजे शब्द आणि आकडा एकाच दिशेला होते. टाऊ मागे पडली, शब्द मात्र टिकला. गोंधळाचं मूळ मला यातच दिसतं.

आजच्या एफटी (फूरिये ट्रान्सफॉर्म) उपकरणात क्षेत्र बदलतच नाही. ४०० मेगाहर्ट्‌झच्या उपकरणात ते ९.४ टेस्लावर स्थिर असतं. एका पल्सने सगळे प्रोटॉन एकदम उत्तेजित करून त्यांच्या वारंवारता मोजतात. तिथे बेंझीनची वारंवारता टीएमएसपेक्षा २९४४ हर्ट्‌झने जास्त भरते. (६० च्या उपकरणात हाच फरक सुमारे ४४२ हर्ट्‌झ, उपकरणाच्या वारंवारतेने भागलं की दोन्हीकडे ७.३६ पीपीएमच.) तेव्हा ‘डाउनफील्ड म्हणजे कमी वारंवारता’ हे उत्तर साफ चूक आहे. वारंवारता जास्तच असते.

मग ‘डीशील्डेड’ (क्षेत्रापासूनचं कवच कमी असलेला) म्हणावं का? चालेल, पण त्याचा अर्थ दरवेळी ‘इलेक्ट्रॉन कमी’ असा घेऊ नये. बेंझीनच्या वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे वलयाबाहेर, जिथे हे प्रोटॉन असतात तिथे, मूळ क्षेत्रात भर पडते; वलयाच्या आत उलट घट होते. [१८]अ‍ॅन्युलीनमध्ये (१८ कार्बनांच्या मोठ्या वलयात) हे स्वच्छ दिसतं : थंड द्रावणात बाहेरचे प्रोटॉन ९ च्या वर, आतले थेट उणे ३ च्या आसपास. रेणू एकच, कार्बनही सारखेच.

मराठीत ‘वरचा सिग्नल’, ‘खालचा सिग्नल’ कटाक्षाने टाळावं. वाचणाऱ्याला ती सिग्नलची उंची वाटते. ‘जास्त डेल्टाकडे’ आणि ‘कमी डेल्टाकडे’ हे सर्वांत बिनधोक. उदाहरणार्थ, ‘ओएचच्या जागी ओ-अ‍ॅसिटिल गट आला की शेजारच्या सीएच२ चा सिग्नल जास्त डेल्टाकडे सरकतो : इथेनॉलमध्ये ३.७, एथिल अ‍ॅसिटेटमध्ये ४.१.’ जुना शोधनिबंध समजावून सांगताना ‘डाउनफील्ड’ तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला कंसात ‘जास्त डेल्टा’ लिहावं.