“आई, आज तू ओरडणार आहेस का?”

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरी करतात, आणि यजमान हिंजवडीहून रात्री साडेआठच्या आत क्वचितच घरी पोहोचतात. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. सासूबाई सोबत राहतात. मुलाला न मारता, न ओरडता वाढवायचे असे ठरवून त्यांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले. तरीही बहुतेक संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे समजावून झाल्यावर त्यांचा आवाज चढतो. दोनदा हातही उठला. मग मन खाऊ लागते आणि मुलाच्या हाती मोबाइल दिला जातो. सासूबाई म्हणतात, “आम्ही चार मुलं वाढवली, दोन धपाटे दिले, काय बिघडलं?” गेल्या आठवड्यात त्या दारात चपला काढत असताना मुलाने विचारले, “आई, आज तू ओरडणार आहेस का?” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. “मी वाईट आई आहे का?” असे त्यांनी लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. तुम्हाला त्यात आरोप ऐकू आला, मला चौकशी ऐकू आली. बाहेर निघण्यापूर्वी आपण आभाळाकडे पाहून छत्री घ्यायची की नाही हे ठरवतो, तसे तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहून संध्याकाळचा अंदाज घेत आहे. सात वर्षांच्या मुलाला रोज असा अंदाज घ्यावा लागणे बरे नाही, हे तुम्हाला कळलेच आहे. मात्र ज्या मुलाला आईची खरोखर धास्ती बसली आहे ते मूल असे तोंडावर विचारण्याऐवजी गप्प राहून आतल्या खोलीत निघून जाण्याची शक्यता अधिक असते. तुमच्याशी बोलण्याची वाट त्याने अजून बंद केलेली नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तरी त्यातच दिसते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या घरातली अडचण तुम्ही फार कडक आहात किंवा फार मऊ आहात ही नसून, मर्यादा फार उशिरा येते ही आहे. पत्रातला प्रसंगच पाहा. गणिताची वही उघडायची होती, तुम्ही म्हणालात, “अभ्यासाला बसूया ना रे?” तो नाही म्हणाला. तुम्ही कारणे दिलीत, त्याच्या भावना समजून घेतल्यात, पुन्हा विचारलेत, पुन्हा नकार आला, आणि विसाव्या मिनिटाला स्फोट झाला. मराठी आईच्या तोंडी हा ‘जातोस का’, ‘बसूया ना’, ‘जेवशील ना’ असा प्रश्नाचा सूर इतका रुळलेला आहे की आपण आज्ञा देत आहोत की परवानगी मागत आहोत हे आपल्यालाच उमगत नाही. ‘अंघोळीला जातोस का?’ या प्रश्नाचे ‘नाही’ हे अगदी प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते दिल्याबद्दल मूल ओरडा खाते. माझी मुले लहान असताना मीही हेच वर्षानुवर्षे केले, त्यामुळे हे मी उंच आसनावरून सांगत नाही.

जिथे निवड नाही तिथे प्रश्न विचारू नका. स्वयंपाकघरातून हाक न मारता त्याच्याजवळ जा, त्याच्या उंचीला खाली बसा, दंडाला हलकेच हात लावा आणि एवढेच म्हणा, “आता वही. पेन्सिलने करायचं की पेनने, ते तू ठरव.” तो रडेल, पाय आपटेल. त्या रडण्याला उत्तर देण्याची किंवा ते थांबवण्याची गरज नसते. जवळ बसून राहावे, आणि वाक्य बदलू नये. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींचा अभ्यास केला, तेव्हा धाकदपटशाच्या आणि मोकाट सोडण्याच्या दोन्ही पद्धतींपासून त्यांनी तिसरी पद्धत वेगळी काढली होती: माया भरपूर, आणि नियमही पक्के. व्हिडिओंमधून तुमच्यापर्यंत मायेची भाषा पोहोचली आणि नियमाचा भाग वाटेत गळला, असे मला वाटते.

दुसरे म्हणजे घड्याळ. तुम्ही साडेसहाला घरी येता, सातला अभ्यास, साडेआठला बाबा, नऊला जेवण, आणि झोपायला अकरा. सकाळी साडेसहाला पुन्हा उठायचे. म्हणजे मुलाला साडेसात तास झोप मिळते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. ज्याला तुम्ही हट्ट म्हणता त्यातला बराच भाग झोपेचा थकवा असू शकतो. बाबांसाठी जेवण थांबवून ठेवण्याची प्रथा प्रेमाची आहे, पण ती निदान मुलापुरती मोडा. त्याला साडेसातला वरण-भात द्या आणि साडेनऊला दिवा मालवा. बाबांनी आल्यावर टीव्हीसमोर न बसता ती शेवटची वीस मिनिटे गोष्ट सांगायला त्याच्या उशाशी घालवावीत. तसेच तुम्ही घरात पाऊल टाकल्यापासूनची पहिली दहा मिनिटे दप्तर, डबा, शेरा यांपैकी कशाचीही चौकशी करू नका. चहा घ्या, त्याला शेजारी बसू द्या. रस्त्यावरची ती तासाभराची कोंडी अंगातून उतरायला तेवढा वेळ लागतोच.

तरीही कधीतरी आवाज चढेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात एक प्रयोग केला होता, ज्यात आई काही मिनिटे आपला चेहरा निर्विकार ठेवत असे आणि तान्हे बाळ अस्वस्थ होऊन तिला परत बोलते करण्याची धडपड करीत असे. आई-मुलाच्या नात्यात ताळमेळ वारंवार चुकतो आणि तो पुन्हा जुळवण्यावर नाते उभे राहते, हे त्यांच्या पुढच्या कामाचे सूत्र झाले. तुम्ही हे पुन्हा जुळवण्याचे काम मोबाइलवर सोपवता, तिथे गडबड होते. ओरडून झाल्यावर अर्ध्या तासाने जवळ बसून म्हणा, “मी ओरडले, ते चुकलं. तुला भीती वाटली असेल.” आणि थांबा. त्यापुढे ‘पण तूसुद्धा...’ आले की माफी तिथेच पुसली जाते. हात उठण्याबद्दल मात्र मी मऊ शब्द वापरणार नाही: तो पुन्हा उठता कामा नये. शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. जे त्याच्या बाईंना चालत नाही ते आईलाही चालू नये. राग डोक्यात गेला की गॅलरीत जा, सासूबाईंना त्याच्यापाशी बसवा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचे एक म्हणणे बरोबर आहे. त्यांच्या घरात जेवायची, झोपायची वेळ ठरलेली होती, आणि एकाने धपाटा घातला तर डोळे पुसायला आत्या किंवा काकू होती. तुमच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ते काम करायला त्या एकट्याच आहेत, हे त्यांना सांगा, आवडेल त्यांना. आणि हे सगळे परदेशी खूळ आहे असे त्या म्हणाल्याच, तर 1920मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत काम करून पुढे 1945मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांची आठवण करून द्या. भीती न दाखवता मुलांना वाढवण्याचा विचार आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे.

तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला, शाळेत जायला सतत पोट दुखू लागले, असे काही दोन-तीन आठवडे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. तुम्हाला स्वतःला रोजच रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. तिथे फोन करायला संकट फार मोठे असावे लागत नाही.

आणि तो प्रश्न तो पुन्हा विचारील. ‘कधीच ओरडणार नाही’ असे वचन देऊ नका, ते गुरुवारपर्यंतही टिकणार नाही. खरे सांगा: “आज खूप दमलेय रे. ओरडावंसं वाटलं तर मी गॅलरीत जाऊन उभी राहीन, पाच मिनिटांत परत येईन.” मग खरोखरच पाच मिनिटांत परत या, तो घड्याळ बघत असेल.

तुमची ताई